वाघाच्या नावाने

तळेगाव दाभाड्यात राहणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभरात वाघाचे नाव किती परींनी पडते, याकडे सहसा लक्ष जात नाही. स्टेशनवरून लांबलचक मालगाडी धडधडत जाते आणि एखादा जुना रेल्वेवाला तिच्या वाघिणी मोजतो. आषाढात बाजारात गेलात तर डोंगराकडून आलेली एखादी मावशी वाटे लावून वाघाटी विकत बसलेली दिसते. चौकातल्या फलकावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात आणि तो ‘मावळचा ढाण्या वाघ’ असतो. बालवाडीच्या दाराशी रडणाऱ्या नातवाला आजी समजावते, तू तर माझा वाघ ना, वाघ कधी रडतो का? आणि रात्री मोबाइलवर निरोप फिरतो की अमक्या वस्तीजवळ वाघ दिसला, मुलांना एकटे सोडू नका.

या सगळ्यांत हाडामांसाचा प्राणी फक्त शेवटच्या निरोपात आहे, आणि तोही पट्टेरी वाघ नसून बिबट्या आहे. बाकी सगळीकडे त्याचे नाव त्याच्याशिवाय फिरते आहे. आजच्या चिंतनासाठी मनात आलेला प्रश्न एवढाच : रानातल्या एका प्राण्याच्या नावावर आपण इतके अर्थ चढवत जातो, तेव्हा त्या प्राण्याच्या वाट्याला काय येते आणि आपल्या मनात काय उरते?

जगातल्या सगळ्याच भाषा हे करतात. इंग्रजीत तर प्राण्यांच्या नावांची सरळ क्रियापदे होतात. बॅजर हा बिळात राहणारा, रात्री बाहेर पडणारा, एरवी कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला प्राणी. इंग्लंडात पूर्वी त्याला पकडून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा खेळ चालत असे. १८३५ च्या कायद्याने अशा खेळांवर बंदी आली, पण तोवर त्याच्या नावाचे क्रियापद होऊन बसले होते, आणि ते आजही आहे. त्याचा अर्थ, एखाद्याच्या हात धुऊन मागे लागणे, त्याला सतावून सोडणे. छळ सोसला प्राण्याने, आणि छळण्याला नाव मिळाले ते त्याचेच. लांडग्याच्या नावाच्या क्रियापदाचा अर्थ अधाशासारखे गिळणे. लांडगा घाईने गिळतो हे खरेच. पण पिल्ले लहान असली की तो पोटात साठवलेले मांस घेऊन बिळाकडे परततो आणि त्यांच्यापुढे ते उलटून टाकतो. बापाची, आईची ती लगबग त्या क्रियापदात कुठेच आलेली नाही. माणसाने दुरून घास पाहिला, घासामागचे कारण पाहिले नाही.

म्हणजे प्राण्याच्या नावाला चिकटलेला अर्थ पुष्कळदा प्राण्याविषयी थोडे आणि माणसाविषयी जास्त सांगतो. आपण कुठे उभे राहून पाहिले, किती जवळून पाहिले, आपल्याला त्याच्याकडून काय हवे होते, हे सगळे त्या अर्थात साठून राहते. वाघाच्या बाबतीत मराठीने हा साठा फार मोठा केला आहे. म्हणून तो एकदा नीट उलगडून पाहावासा वाटतो.

पहिली गोष्ट, मराठीतला वाघ हा नेहमीच पट्ट्यांचा वाघ नव्हता. गावाकडे आजही बिबट्याला वाघच म्हणतात. फार तर ‘बिबट्या वाघ’ आणि ‘पट्टेरी वाघ’ अशी फोड करतात. बिबट्याच्या नावाने एखादी म्हण आठवून पाहा, सहज आठवणार नाही. तो मावळात, जुन्नरात, खेडात आपल्या इतका जवळ, पण म्हणींत तो वाघाच्या पोटात सामावलेला आहे. त्यामुळे आपल्या म्हणी ज्यांनी घडवल्या त्या गुराख्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोघेही होते. गोठ्याच्या कुडातून शेळी ओढून नेणारा बहुधा बिबट्या होता आणि म्हणीत त्याचे नाव वाघ असे नोंदले गेले.

तळेगावात वाघाच्या नावाचा विचार करताना गो. नी. दांडेकर आठवणे साहजिक आहे. अप्पा याच गावात राहिले, इथूनच त्यांनी गडकोटांच्या वाटा तुडवल्या. ‘माचीवरला बुधा’, ‘पवनाकाठचा धोंडी’ अशा कादंबऱ्यांतून सह्याद्रीची माणसे आणि त्यांची बोली मराठी वाचकांच्या घरात आणली. त्यांच्या एका कादंबरीचे नाव आहे ‘वाघरू’. हे नाव शहरी मराठीला सुचले नसते. वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू यांच्या रांगेत मावळच्या माणसाने वाघालाही बसवले. जो गुरे मारतो, ज्याच्या भीतीने दिवेलागणीनंतर दार लावून घ्यायचे, त्यालाच नपुंसकलिंगी, लडिवाळ रूप द्यायचे. यात वाघाला कमी लेखण्याचा भाव नाही. रानातल्या बाकीच्या जिवांसारखाच तोही एक जीव, त्यालाही पोट आहे, त्यालाही ऊन-पाऊस आहे, असा त्याचा सूर आहे. रानात रात्र काढलेल्या माणसालाच हा सूर लागतो.

दुसरे रूप वाघोबाचे. पंढरीचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा, आळंदीचा ज्ञानोबा, तळेगावच्या शेजारच्या देहूचा तुकोबा, आणि रानातला वाघोबा. देवाला, संताला आणि वाघाला मराठीने एकच आदराची ओळ दिली. हा आदर नुसता जिभेवरचा नव्हता. आश्विन वद्य द्वादशीला आपण गावात वसुबारस करतो, सवत्स गाईला ओवाळतो. त्याच दिवशी जुन्नर-अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातले महादेव कोळी आणि इतर आदिवासी वाघबारस करतात. गुराखी वाघोबाच्या ठाण्याशी जमतात, नैवेद्य दाखवतात, आमची गुरेढोरे सांभाळ म्हणून मागणे मागतात. एकाच तिथीला खाली गाय पुजली जाते आणि वर वाघ. मला या दोन पूजा एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. गाईवर ज्याची माया आहे त्याला वाघाचा विचार करावाच लागतो, आणि वाघाशी ज्याने रानाची वाटणी केली आहे त्याचीच गाय रानातून सुखरूप परतते, असे त्या जुन्या माणसांचे मत असले पाहिजे.

आपल्या मावळातही या आदराच्या खुणा आहेत. पवना धरणाच्या पाण्यात वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर बुडालेले आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते उघडे पडते आणि लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत आलेल्या चऱ्होलीलाही वाघेश्वर आहे. घाटमाथ्यावर आणि कोकणात वाघजाईची देवळे तर ठिकठिकाणी. पालघर, ठाणे, मुंबई उपनगर या भागांत वारली लोकांच्या वाघोबाच्या ठाण्यांचा रम्या नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना सुमारे दीडशे ठाणी आढळली. लाकडावर, दगडावर कोरलेला वाघ, बाजूला सूर्य-चंद्र, समोर शेंदूर. ज्या भागात ही ठाणी आहेत त्या भागात आजही बिबटे आहेत आणि माणसेही. भीती, नुकसान, श्रद्धा हे सगळे एकत्र नांदवण्याची एक रीत त्या लोकांनी बसवली आहे.

खंडोबाचा वाघ्या याच आदराच्या नात्यातला. देवाच्या दारी स्वतःला वाहून घेतलेला माणूस वाघाचे नाव धारण करतो आणि परंपरेने त्याची भंडाऱ्याची पिशवी वाघाच्या कातड्याची असते. वाघाटी तर त्याहून साधी. तिच्या वेलीला वाघनखांसारखे वाकडे काटे असतात, म्हणून ती वाघाटी. आषाढी द्वादशीला पुण्याकडच्या पुष्कळ घरांत एकादशीचा उपास सोडताना वाघाटीची भाजी लागतेच. विठोबाच्या उपासाचे पारणे वाघाच्या नावाच्या फळाने व्हावे, यात मला या मातीचा स्वभाव दिसतो. नाव ठेवणाऱ्याने वेल हाताळली होती, बोटाला काटा लागला होता, म्हणून नाव नेमके पडले.

मात्र या जुन्या आदराला भाबडेपणा म्हणू नये. ‘वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो’ ही म्हणही त्याच लोकांची आहे. वाघोबाला नैवेद्य दाखवणारा गुराखीच ही म्हण वापरत होता. नाव बदलून स्वभाव बदलत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते, तरीही तो वाघोबाच म्हणत राहिला. आदर हा वाघाकडून काही सवलत मिळवण्यासाठी नव्हता. तो स्वतःला आवरण्यासाठी होता. अंधारात अमक्या वाटेने जाऊ नये, रानात मोठ्याने मस्करी करू नये, गुरे वेळेवर परत आणावीत, त्याचे खाणे त्याला खाऊ द्यावे, अशा शिस्तीचे ते एक नाव होते.

आता दुसऱ्या बाजूचे अर्थ. ‘वाघीण’ हा शब्द तळेगावात उच्चारला की सेनापती दाभाड्यांच्या वाड्याची आठवण होते. खंडेराव दाभाडे १७२९ मध्ये वारले. दोन वर्षांनी, १७३१ मध्ये, त्यांचे पुत्र त्र्यंबकराव डभईच्या लढाईत कामी आले. पती गेला, कर्ता मुलगा गेला, आणि त्यानंतर उमाबाई दाभाड्यांनी सेनापतिपदाचा कारभार हाती घेतला, गुजरातेत अहमदाबादेवर स्वारी केली. अशा स्त्रीला मराठी माणूस सहज वाघीण म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण असे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा फक्त घोड्यावरची, हाती तलवार घेतलेली बाई असते. खरी वाघीण सुमारे दोन वर्षे पिल्लांना एकटी वाढवते. त्यांना दडवते, जागा बदलते, स्वतः उपाशी राहून त्यांना खाऊ घालते, शिकार शिकवते आणि जिथे टळेल तिथे झुंज टाळते. उमाबाईंच्या आयुष्यातही एका मोहिमेच्या मागे-पुढे कितीतरी वर्षांचे दुःख आणि घर सावरणे असणार. वाघीण या शब्दात ते सगळे मावते. आपणच त्यातले निम्मे सांडून देतो.

पुरुषांच्या वाट्याला आलेला वाघ याहून रोडावलेला आहे. तो कधी थकत नाही, घाबरत नाही, मागे हटत नाही, रडत नाही. ‘शेळी होऊन शंभर दिवस जगण्यापेक्षा वाघ होऊन एक दिवस जगावे’ हे वाक्य आपण मुलांना ऐकवतो. खऱ्या वाघाला ते कधीच पटले नसते. वाघाच्या बहुतेक झेपा फुकट जातात, शिकार निसटते. एखादी खोल जखम झाली तर त्याला शिकार जमत नाही आणि शिकार जमली नाही तर तो उपाशी मरतो. म्हणून तो जपून राहतो, वारा बघून चालतो, तासन्‌तास दबा धरतो, दुसऱ्या वाघाची हद्द झाडावरच्या ओरखड्यांवरून आणि वासावरून ओळखून वाट बदलतो. धीर, सावधपणा, एकांत आणि मर्यादेचे भान हे त्याचे खरे गुण. बालवाडीच्या दाराशी रडणाऱ्या पोराला वाघाकडून शिकण्यासारखे खूप आहे, पण आपण त्याला नेमके तेच सांगतो जे वाघात नाही.

कधी कधी या नावाला सत्तेचा वासही येतो. इंग्रजी शिक्षणाला मराठीत ‘वाघिणीचे दूध’ म्हटले जाते आणि हा शब्दप्रयोग विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी जोडला जातो. परक्या राज्यकर्त्याची ताकद पिऊन ताकदवान व्हायचे, असा त्यातला भाव आहे. त्या मानाने मालगाडीची वाघीण किती निरागस! १८५८ मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला, लोखंडी डबे मावळातून धावू लागले. त्या डब्यांच्या इंग्रजी नावाला मराठी कानाने आपल्या रानातले ओळखीचे नाव देऊन टाकले. नव्या, अजस्र वस्तूला सामोरे जाताना आपल्या लोकांनी जवळच्या अजस्र प्राण्याचा आधार घेतला असावा, असे मला वाटते. ज्या भाषेत वाघ घरचा आहे, तिलाच हे सुचते.

तेव्हा वाघाच्या नावाचे अर्थ साधारण दोन ठिकाणांहून आले आहेत. काही अर्थ वाघाच्या शेजारी राहून आले : वाघरू, वाघोबा, वाघबारस, वाघाटी. त्यांत भीती आहे, तशी ओळखही आहे. काही अर्थ वाघापासून लांब राहून आले : फलकावरचा वाघ, न रडणारा वाघ, एक दिवस जगणारा वाघ. त्यांत फक्त जोर आहे. गेल्या काही पिढ्यांत पहिल्या ठिकाणचे शब्द आपल्या तोंडून मागे पडले आणि दुसऱ्या ठिकाणचे वाढत गेले. एरवी हा भाषेचा एक किरकोळ बदल म्हणून सोडून दिला असता. पण आपल्या या पट्ट्यात आज खरा प्राणी पुन्हा दाराशी आलेला आहे, आणि त्याच्याकडे बघायला आपल्याजवळ फक्त जोराचेच शब्द शिल्लक राहिले आहेत.

मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात पहाटे बिबट्या शिरला. काम थांबले, कामगारांना बाहेर काढण्यात आले. वनखात्याने आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राच्या पथकाने काही तासांच्या प्रयत्नांनी त्याला बेशुद्ध करून सुखरूप ताब्यात घेतले. बिबट्या इथे कसा आला, असे तेव्हा अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर या पट्ट्याच्या शेतीत आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत धरणे झाली, कालवे आले, पाठोपाठ ऊस आला. उसाच्या फडात बाराही महिने आडोसा, पाणी आणि सावली. बिबट्याच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आणि उसातच वाढल्या. त्यांच्यासाठी फड हेच रान. फडाच्या पलीकडे वस्ती, वस्तीच्या पलीकडे रस्ता, रस्त्याच्या पलीकडे कारखान्याची भिंत.

अशा वेळी बातमीत कोणते शब्द येतात? धुमाकूळ, दहशत, घुसखोरी, थरार. फलकावर ज्या जोरासाठी वाघाची स्तुती होते, त्याच जोरासाठी बातमीत तो गुन्हेगार ठरतो. दोन्हीकडे तो एकच आहे, आपल्या कल्पनेतला. मग त्या शब्दांना साजेशी मागणी होते : पकडा, दूर नेऊन सोडा. हा उपाय करून पाहिला गेला आहे. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्याचा काय परिणाम झाला, हे डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तपासले आणि त्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मोहीम सुरू होण्यापूर्वी त्या भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, नंतर ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात नेऊन टाकलेला, पकडताना माणसांच्या गराड्यात घाबरलेला प्राणी अधिक धोकादायक ठरतो, असे त्यातून दिसले. दूर पाठवणे हा उपाय सुचतो, कारण बिबट्याला आपण बाहेरून आलेला समजतो.

तो बाहेरचा नाही, हे दाखवणारा एक बिबट्या महाराष्ट्राला चांगला परिचयाचा आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक प्रौढ नर विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात माग काढणारे यंत्र बांधून माळशेज घाटाच्या परिसरात सोडण्यात आले. तिथून तो रेल्वेमार्ग, महामार्ग आणि खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. एवढ्या वाटेत वस्त्या कितीतरी, पण त्याने कुणाही माणसाला इजा केली नाही. अभ्यासकांनी त्याचे नाव ठेवले होते ‘आजोबा’. पुढे २०११ मध्ये एका वाहनाच्या धडकेने तो मेला. २०१४ मध्ये त्याच्यावर याच नावाचा मराठी चित्रपटही आला. ‘आजोबा’ हे नाव मला वाघोबाच्या परंपरेतले वाटते. शास्त्रज्ञांच्या कामातही जुनी मराठी ओळख जिवंत राहू शकते, याचा तो पुरावा आहे. त्या एका नावामुळे कितीतरी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बिबट्याचा विचार मायेने केला.

हे लिहिताना जुन्नर, शिरूर, आंबेगाव, खेड या भागांतली ती घरे मनासमोर आहेत, जिथे बिबट्याने माणूस नेला. काही घरांतून लहान मूल गेले आहे. त्या आईला वाघरू म्हणा, वाघोबा म्हणा, असे सांगायला कुणी जाऊ नये. तिच्या दुःखावर बोट ठेवण्याचा अधिकार तळेगावच्या सदनिकेत बसलेल्या माणसाला नाही. शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते म्हणून ज्याला अंधारात उसाला पाणी द्यायला जावे लागते, त्याची भीती खरी आहे आणि दिवसा वीज द्या ही त्याची मागणी रास्त आहे. वाघोबाचा जुना आदर टिकला, कारण त्या वेळी धोका आणि रान दोन्ही सगळ्या गावाचे होते. आज धोका शेतावर राहणाऱ्याच्या वाट्याला आला आहे आणि वाघाचे कौतुक शहरात राहणाऱ्याच्या. ही वाटणी अन्यायाची आहे. नुकसानभरपाई वेळेवर मिळणे, गोठे भक्कम होणे, शाळेच्या वाटेवर दिवे लागणे, रात्रीची पाळी टळणे, या गोष्टी झाल्याशिवाय आदराची भाषा पोकळ ठरेल.

आणि शहरात राहणाऱ्यांचाही या साखळीत हात आहे. अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के. कुत्रे कशावर वाढतात? आपण रस्त्याकडेला टाकलेल्या उष्ट्यावर, मांसाच्या दुकानांमागच्या कचऱ्यावर. तळेगाव, चाकण, वडगाव इथे नवी संकुले उभी राहत आहेत, त्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत कचऱ्याचे ढीग लागत आहेत, आणि त्या ढिगांवर कुत्र्यांचे कळप पोसले जात आहेत. बिबट्या वस्तीजवळ येतो त्याला आपणच दिलेले आमंत्रण कारण असू शकते. त्याला घुसखोर म्हणणारी भाषा हे आमंत्रण लपवते. वाघोबा म्हणणारी भाषा मात्र आधी आपल्याला विचारते, तू आपले अंगण कसे ठेवलेस?

म्हणून मला वाटते, वाघाच्या नावाचे जवळून आलेले अर्थ आपण पुन्हा वापरात आणावेत. फलकावरचा वाघ राहो. कुणाला त्यात आनंद मिळत असेल तर मिळो. पण त्या एका अर्थाने बाकीचे गिळून टाकू नयेत. बातमी लिहिणाऱ्याने ‘बिबट्या घुसला’ याऐवजी ‘बिबट्या आला’ किंवा ‘आढळला’ लिहिले तर वाचकाच्या हातातला दगड थोडा सैल पडतो. बिबट्या दिसला की गर्दी करायची नाही, मोबाइल घेऊन पाठलाग करायचा नाही, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची, वनखात्याला कळवायचे. या सूचना आज पत्रकांवर छापल्या जातात. त्यांचे सार गुराख्याच्या तोंडी वाघोबा या शब्दात आधीपासून होते : अंतर राखा, वाट द्या, गर्व करू नका.

या वर्षी आश्विन वद्य द्वादशीला आपल्या घरी गाय-वासराची पूजा होईल. पूजा झाली की घरातल्या मुलांना जवळ घ्यावे आणि सांगावे की आज वाघबारसही आहे. आपल्याच डोंगरांत आज वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वाघ जपून पाऊल टाकतो हे सांगावे, वाघीण दोन वर्षे पिल्लांना सांभाळते हे सांगावे, उसात जन्मलेल्या बिबट्याला दुसरे घर नाही हे सांगावे. त्याच्यापासून सावध कसे राहायचे तेही सांगावे आणि आपल्या इमारतीमागचा कचरा त्या आठवड्यात उचलला जाईल असे पाहावे. यासाठी फार वेळ लागणार नाही, पैसाही लागणार नाही. पुढे एखाद्या रात्री ‘वाघ आला’ अशी ओरड होईल, तेव्हा त्या मुलांपैकी एखादे मोठे झालेले असेल, आणि जमलेल्या लोकांना ते म्हणू शकेल, मागे व्हा, त्याला जाऊ द्या.